जवाईबापूंची शिट्टी

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी बोरगाव मेघेच्या घरी अंगणातल्या कुंड्या उन्हातून सावलीत सरकवत होतो. प्रशांत माझा भाचा. हिंगणीला शेती करतो, आणि एरवी फोन करतो तो रानडुकरांची गाऱ्हाणी सांगायला. म्हणून मी फोन कानाला लावून आधी म्हटलं, "आता काय खाल्लं त्यायनं?" तो म्हणाला, "मामा, बाबा गेले. जेवून बाजीवर पडले होते, उठलेच नाई." मी कुंडी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. त्यानंतर त्यानं जे विचारलं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "आष्टीले कोणाले कळवाचं मामा? तुमच्यापाशी कोणाचा नंबर आहे का?" माझ्यापाशी नव्हता. दाजी मूळचे आष्टीचे. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी अर्ध्या चड्डीत हिंडत होतो तेव्हापासून ते आमच्या घरात राहत आले, आणि त्यांच्या जन्मगावी त्यांचं आता कोण आहे हे ना त्यांच्या मुलाला माहीत, ना मला. जन्मभर ज्याच्या ताटाला ताट लावून जेवलो त्या माणसाबद्दल मला नेमकं काय ठाऊक होतं, हा गोंधळ तिथून सुरू झाला. तो अजून निस्तरलेला नाही. हा लेख लिहून निस्तरेल अशी फार आशाही नाही.

हिंगणीत पोचलो तर चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, "आपल्या गावचे जावई सुधाकरराव यांचे दुःखद निधन." नातवंडं लग्नाला आलेला माणूस, आणि गाव अजून त्याला जावईच म्हणत होतं. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडे ते तसंच असतं. एका घरचा जावई तो अख्ख्या गावचा जावई. त्याला नुसत्या नावानं हाक मारायची नाही, तो आला की बाजेवरून उठून त्याला जागा द्यायची, आणि काहीही झालं तरी त्याला उणंदुणं बोलायचं नाही. पाहुणा म्हणून दोन दिवस येणाऱ्या जावयासाठी हा रिवाज ठीक आहे. दाजी मात्र मुक्कामालाच आलेले होते, आणि तरी तो रिवाज काही संपला नाही. आमच्या बोरकाठ फुटबॉल मंडळाचा सगळा इतिहासही, खरं सांगायचं तर, या एका रिवाजातून घडला किंवा बिघडला. काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

चार-सहा दिवसांनी, भेटायला येणाऱ्यांची गर्दी जरा ओसरल्यावर, बाई मला म्हणाली, "बबन, तुले एक विचारू? खरं सांगजो." बाई म्हणजे माझी बहीण. मागच्या पडवीत ती भिंतीला टेकून बसली होती. "त्यायले इथं आपलं वाटलं का रे कधी?"

"असं काऊन विचारून राह्यली बाई?"

"पोराले आष्टीचं एक नाव सांगता आलं नाई. मी बी कधी विचारलं नाई त्यायले. मले वाटे, माणूस आता इथचाच झाला... पण गाव तं म्हणे, मैदानावर आपल्याच पोट्ट्यायच्या विरुद्ध शिट्टी वाजवते म्हणून. काही राह्यलं असन त्यायच्या मनात. आपल्यासाठी त्यायनं गाव सोडलं. मी काही गेली नाई कधी मैदानावर. तू तं राहे न तठी. तुलेच ठाऊक."

मी म्हटलं, "वाटतच होतं. काहीतरीच काय विचारतेस." पण ते मी इतक्या घाईनं म्हटलं की तिचा विश्वास बसला नाही. ती नुसती "हं" म्हणाली आणि उठून आत गेली. इतक्या वर्षांचा संसार झालेल्या बाईला आपला नवरा आपल्या घरात सुखी होता की नाही एवढंच हवं होतं, आणि ते सांगायला तिच्या नात्यात उरलेला साक्षीदार मी एकटा. माझ्याजवळ पुरावा काय, तर दाजींनी पंच म्हणून दिलेल्या फुटबॉलच्या पेनल्ट्या आणि रद्द केलेले गोल. हसू येतं, आणि मग येत नाही.

दाजी हिंगणीत कसे आले ते सांगायला हवं. बाईचं लग्न झालं त्याच वर्षी आमच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी तेव्हा शाळकरी, बैल कोणत्या अंगाला जुंपायचा हेही न कळणारा. कालव्याकाठचं शेत पडीक पडायची वेळ आली तेव्हा वडिलांनी दाजींच्या वडिलांना निरोप धाडला, "बबन हाताशी येईस्तोवर जवायाले पाठवा." दाजी आले. धाकटे होते, आष्टीला त्यांचे भाऊ होते, अडचण नव्हती. पुढे मी हाताशी आलो, पण सरकारी नोकरीच्या. वर्ध्याला खोली केली, मग लग्न, मग बोरगाव मेघेचं घर. शेताच्या वाटण्या रीतसर झाल्या, बाईचा हिस्सा बाईला मिळाला, त्यात कुणाचं कुणाशी वाकडं झालं नाही. पण मी मोठा झाल्यावर "दाजी, आता तुम्ही मोकळे" असंही कुणी म्हटलं नाही, आणि "आता तुम्ही इथलेच" असंही नाही. सगळ्यांनी ते गृहीत धरलं. काय गृहीत धरलं, ते मात्र आज विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगेल.

आणि मंडळ. मंडळ दाजींच्या आधीचं. बोर धरणाचं काम चालू असताना वसाहतीत एक ओव्हरसियर राहायचे, त्यांनी पहिला चेंडू आणला, इथपर्यंत गावात एकमत आहे. ते बंगाली होते की कामठीचे, चेंडू त्यांनी भेट दिला की बदली झाली तेव्हा विसरून गेले, यावर अजून भांडणं होतात. कातड्याचा, वादीनं आवळलेला चेंडू. पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा, आणि डोक्यानं मारला तर वादीचा वळ कपाळावर दोन दिवस राहायचा. गायरानातली जागा साफ करून मैदान केलं. ते कालव्याच्या बाजूला उतरतं होतं, त्यामुळे दर खेळात चेंडू निदान एकदा तरी पाण्यात जायचा आणि सगळे खेळ थांबवून काठावर रांगेत उभे राहायचे. पोहणारा गडी संघात असलाच पाहिजे असा आमचा नियम होता. तो खेळायला कसा आहे हे नंतर. मला संघात जागा मिळाली ती याच कारणानं. मी उजव्या टोकाला उभा असायचो, कालव्याच्या जवळ.

आमच्याकडे तेव्हा पंच बोलवायची पद्धत नव्हती. ज्या गावात सामना, त्या गावाची शिट्टी. यजमान गावचा कुणीतरी मोठा माणूस पंच व्हायचा आणि गावाचं नाव राखायचा. बाहेरचे संघ हे धरूनच यायचे. पण आमच्या गावात एकदा ते फारच उघड झालं, पाहुण्या संघाचे दोन गोल एकामागून एक रद्द केले, आणि मग जी हाणामारी झाली तीत खांब उपटले गेले. त्यानंतर कुणी हिंगणीला खेळायला येईना. निरोप पाठवावा तर उत्तर येई, "तुमचा पंच तुमीच खा." एक अख्खा हिवाळा आम्ही आपसातच खेळलो. आपसात खेळून मंडळ चालत नाही. पोरं कंटाळून पत्ते खेळायला लागली. तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला. म्हणाला, "शिट्टी अशाच्या हाती द्या, का ज्याले ना आपला माणूस शिवी देईन ना बाहेरचा मारीन. जवायाले देऊन टाका." सगळे हसले. आणि हसता हसता तेच ठरलं, कारण गावात मुक्कामी जावई एकच होता.

दाजी शाळेत असताना आष्टीला थोडं खेळलेले. त्यांना नियम आमच्यापेक्षा जास्त माहीत होते, आणि हाच घोटाळा झाला. ऑफसाइड नावाची गोष्ट हिंगणीत तोवर कुणी मानत नसे. गोलकीपरच्या पुढ्यात उभं राहून चेंडूची वाट पाहणं ही आमच्यात हुशारी समजली जायची. दाजींनी पहिल्याच सामन्यात या हुशारीचा पहिला गोल रद्द केला. गोल आमचा. मारणारा गजू, आमचा कप्तान, माझा वर्गमित्र, आज मंडळाचा अध्यक्ष. गजू शिट्टी ऐकून त्यांच्याकडे धावत गेला आणि तीन पावलांवर थांबला. तोंडात काय होतं ते गिळलं आणि म्हणाला, "जवाईबापू, तुमाले दिसलं का जी बराबर?" दाजी म्हणाले, "दिसलं." संपलं. त्या दिवसापासून आमच्या मैदानावर जगातली सर्वात सभ्य भाषा ऐकू येऊ लागली. "जवाईबापू, ऊन लागून राह्यलं असन, सावलीत या न." "जवाईबापूले पाणी द्या रे कोणी, डोये धुऊन घेतीन." इतकं झणझणीत आणि इतकं आदरानं मी पुन्हा कुठे ऐकलं नाही.

पण राग कुठेतरी निघणारच. जावयाला बोलता येत नाही, मग साळ्याला बोला. सामना झाला की सगळं गाव माझ्या अंगावर यायचं. "तुहा दाजी आष्टीहून पगार घेते का बे?" दूध घालायला गेलेल्या आमच्या आईला लोक वाटेत अडवून सांगायचे. आई घरी येऊन दाजींना अवाक्षर बोलायची नाही, पण त्या दिवशी भाजीला मीठ जास्त व्हायचं. दाजी ते मुकाट जेवायचे, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा तेच. चेंडू कुणाच्या अंगाला लागून बाहेर गेला असा वाद असला की थ्रो पाहुण्यांचा. धक्काबुक्कीत दोघं पडले की फाउल आमचा. ते लबाडी करत होते असं मी म्हणणार नाही. जे स्पष्ट होतं ते स्पष्टच द्यायचे. पण जे धड इकडे नाही न धड तिकडे, ते नेहमी तिकडेच जायचं.

आष्टीचा संघ आमच्या गावी अंतिम सामना खेळायला आला, तो सामना गजू अजून विसरलेला नाही. बरोबरी चालली होती. आमच्या गोलापुढे गर्दी झाली आणि चेंडू गजूच्या खांद्याला लागला. गजूच्या मते खांदा, दाजींच्या मते हात. पेनल्टी दिली. आष्टीनं गोल केला आणि करंडक घेऊन गेले. आमच्या करंडकाची तर सवयच होती ती, घरी कधी टिकला नाही. पण आष्टीला तो गेल्यावर गावात जे कुजबुजत होते ते उघड बोलू लागले. माणूस मनानं तिकडचाच. गजू पुढे चेष्टेत म्हणायचा, "आपण आष्टीत जाऊन आष्टीले हरवून आलो, किती बार! अन् घरी? घरी आपला जवाई आहे न." त्या संध्याकाळी कालव्याच्या काठानं घरी येताना मी दाजींना सरळ विचारलं, "खरंच हात होता?" ते म्हणाले, "तू पास कधी देशील ते सांग पह्यले. दोन खेपा गजू मोकळा होता, अन् तू चेंडू घेऊन कालव्याकडं कायले पळून राह्यलता?" मी माझ्या बचावाला लागलो आणि विषय तिथेच राहिला. त्यांना तसंच हवं होतं, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

आणि एवढ्यावर त्यांची तऱ्हा ठरली म्हणावं तर तसंही नाही. एका सामन्यात चेंडू खांबाच्या बाहेरून गेला आणि जाळीच्या फाटक्या बाजूतून आत शिरला. आमचेच लोक डोक्याला हात लावून मागे वळले होते. दाजींनी शिट्टी वाजवून गोल दिला. आम्हाला. पाहुणे थक्क, आम्ही त्याहून थक्क. गजूसुद्धा आनंद करायचं विसरला. तो निर्णय का दिला, ते मला आजवर कळलेलं नाही. प्रशांत त्याच आठवड्यात जन्मला होता, पण या दोन गोष्टींचा काही संबंध होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कदाचित त्यांना खरंच दिसलं नसेल. हिशेब जुळत आला की हा फाटक्या जाळीचा गोल मध्ये येतो आणि सगळं विस्कटतं.

गुडघे दुखू लागले तशी त्यांनी शिट्टी सोडली. आता रीतसर पंच येतात, पोरं मोबाइलवर परदेशातले सामने बघून केस कापून घेतात, जाळी नवी आहे. दाजी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन रेषेच्या बाहेर बसायचे. आमची शेवटची भेट तिथलीच. मी शेजारी बसलो होतो, बाहेरगावचा संघ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरत होता. मी गमतीनं म्हटलं, "दाजी, आता तरी सांगा. आमच्यावर एवढा काय राग होता?" ते ट्रॉलीकडे बघत राहिले. म्हणाले, "हे पोट्टे पहाटेपासून निघते, बबन. आपल्या गावात त्यायले कोणी ओळखत नाई. पाणी कोठी आहे तेबी विचारा लागते..." मला वाटलं त्यांनी विषय बदलला. मी पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी बोललो, टाकी कशी गळते, ग्रामपंचायत कशी लक्ष देत नाही. त्यांनी मान हलवली. चांगली लांबलचक चर्चा झाली आमची टाकीवर.

तेरवीच्या आधी मंडळाची बैठक झाली. दरवर्षीच्या स्पर्धेला दाजींचं नाव द्यावं असं एका तरुण पोरानं सुचवलं. सगळे गजूकडे बघू लागले. गजू बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "माहा विरोध नाई. पण एक सांगा, ते आपले होते का? आपल्या मंडळाले त्यायच्या शिट्टीनं किती बार हरवलं ते मोजाचं का?" कुणीतरी म्हणालं, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. गजू म्हणाला, "मी वाईट नाई बोलून राह्यलो. मले समजून नाई राह्यलं, म्हणून विचारतो." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझ्या बहिणीनं मला तेच विचारलं होतं. निर्णय तेरवीनंतर करू असं ठरलं. आष्टीला निरोप मात्र गजूनंच दिला. तिथल्या मंडळाच्या कप्तानाचा नंबर त्याच्याकडे होता.

तेरवीला आष्टीहून एक गाडीभर माणसं आली. त्यांच्यात मनोहरराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते, दाजींच्या वर्गातले, तिथल्या मंडळाचे जुने कर्तेधर्ते. पंगत उठल्यावर मी, गजू आणि ते मांडवात बसलो. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "राग नका मानू, पण सुधाकरनं आमाले लई छळलं." आम्ही दोघांनी कान टवकारले. दाजींना नुसतं 'सुधाकर' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"तुमी आमच्याकडं खेळाले येत, तवा आमी म्हणो, पंच कायले शोधाचा, सुधाकर आलाच आहे. घरचा माणूस. देऊ त्यालेच शिट्टी. अन् हा बाबा आमच्याच विरुद्ध! आमचा गोल दिला नाई, तुमच्या कप्तानाले पेनल्टी देल्ली. आमच्यातल्या पोट्ट्यायनं तं त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. सारे म्हणत, बायकोच्या गावचा झाला तो. आता आपला नाई राह्यला."

गजूचा चेहरा मी विसरणार नाही. आष्टीत जाऊन आष्टीला हरवून आल्याच्या गोष्टींवर तो माणूस आयुष्यभर जगला होता. शिट्टी तिथेही दाजींच्याच हातात असायची, हे आम्हाला ठाऊक नव्हतं थोडंच? डोळ्यांसमोरच तर होतं. पण जिंकून घरी येताना पंच कोण होता याचा विचार कोण करतं? आम्ही चांगले खेळलो एवढंच आम्हाला माहीत होतं. गजू थोड्या वेळानं म्हणाला, "ते पेनल्टी... ते तं बराबर होती न जी?" मनोहरराव म्हणाले, "आता काय सांगू? असन बी. पण नसतीही देल्ली तरी चाललं असतं."

मग ते दोघं बोलत राहिले आणि मी नुसता बसून राहिलो. हिंगणीत हिंगणीच्या विरुद्ध, आष्टीत आष्टीच्या विरुद्ध. म्हणजे शिट्टी आष्टीचीही नव्हती आणि आमचीही नव्हती. ती ट्रॉलीतून येणाऱ्यांची होती. जो परक्या गावात आला आहे, ज्याला पाणी कुठे आहे ते विचारावं लागतं, त्याच्या बाजूची. आणि अशा माणसाचं दुखणं नेमकं कोणाला कळणार, तर ज्याला दोन्ही गावांत पाहुणा म्हणूनच वागवलं त्याला. आमच्याकडे जावई, म्हणून पाहुणा. आष्टीत गाव सोडून गेलेला, म्हणून पाहुणा. पहिल्यांदा मला वाटलं, सापडलं! मग वाटलं, सापडलं नसतं तर बरं झालं असतं. कारण हे खरं असेल तर बाईच्या प्रश्नाचं उत्तर काय निघतं? आणि मग तो फाटक्या जाळीचा गोल आहेच. तो कोणत्या बाजूचा धरायचा? मी मांडवात डोकं धरून बसलो ते प्रशांतनं येऊन "मामा, चहा घेता का?" विचारेपर्यंत.

पाहुणे निघाले तेव्हा गजू त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. परत येऊन माझ्याजवळ उभा राहिला. म्हणाला, "बबन, स्पर्धेले नाव देऊ. पण बोर्डावर 'गावचे जावई' नको लिहू आता. नुसतं नाव लिहू." एवढं बोलून तो मांडवाच्या दोऱ्या सोडायला लागला. त्यासाठी माणसं होती, तरी.

बाईला सांगावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. पण ती विचारायचं सोडणार नव्हती, आणि पुन्हा घाईघाईनं काही बोलून तिला फसवणं मला जमलं नसतं. दिवे लागायच्या सुमारास ती समोरच्या खोलीत बसली होती. मी मनोहररावांचं सगळं सांगितलं. पाहुण्यांचंही सांगितलं, माझा तर्क आहे, खरं खोटं मला माहीत नाही, असं म्हणून सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती चक्क हसली.

"घरात तरी काय वेगळं होतं? सून नवीन आली तं माहं अन् तिचं काही झालं, का हे तिच्या बाजूनं. भाजी करपली तरी म्हणे, चूल नवीन आहे तिले, समजाले टाइम लागते. मले असा राग ये. मी म्हणो, हा माणूस माहा का तिचा?" मग ती थांबली. प्रशांत दारापाशी उभा होता, सून आत स्वयंपाकघरात.

"बबन, तुह्या कधी ध्यानात आलं का? शेतातून आले का दारात खाकरत. रोज. मंग आत पाय टाकत. नव्यानं आले तवा खाकरत ते ठीक होतं, जवाई माणूस, घरात सासू आहे, सोयऱ्याच्या बाया आहे. पण माय गेली, तू वर्ध्याले गेला, घरात आमीच राह्यलो, तरी खाकरूनच येत. मले ते आवाजाची सवय झाली. खाकरले का मी चहा ठेवो." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "एक बार म्हणाले पाह्यजे होतं मी. का खाकरता कायले, घर तुमचंच आहे, या न सरळ. एक बार बी नाई म्हणली रे. मले वाटे, म्हणाचं काय आहे त्याच्यात? माहीतच असन त्यायले."

मीही कधी म्हटलं नव्हतं. आम्ही त्यांना मान दिला, पहिलं ताट दिलं, शिट्टी दिली. घर तुमचं आहे एवढं मात्र आम्हा कुणाच्या तोंडून निघालं नाही, आणि आता ते ऐकायला माणूस नाही. मला खूप वाईट वाटलं. त्यांना इथे सुख होतं की नाही ते अजूनही मला ठाऊक नाही. बहुतेक होतं. पण "बहुतेक" हे बहिणीला सांगायचं उत्तर नव्हे.

बाहेर अंधारून येत होतं. बाई भिंतीला धरून उठली, दाराशी गेली, एक फळी लोटलेली होती ती तिनं ओढून पूर्ण उघडली, मग दुसरी. दोन्ही फळ्या भिंतीला टेकवल्या आणि खाली विटेचे तुकडे लावले. प्रशांत म्हणाला, "माय, डास येतीन न."

"येऊ दे," बाई म्हणाली. "रोज या वक्ताले उघडंच ठेवत जाजो. खाकराचं काम नाई पडाले पाह्यजे."

डास आले. आम्ही तसेच बसून राहिलो.